विमानातील उपकरणांचा वीजपुरवठा

छोट्या धावपट्टीवर सहज उतरणाऱ्या सेस्ना १७२ या एक-इंजिनी विमानाच्या जुन्या रचनेत वैमानिकासमोर सहा मुख्य तबकड्या असतात. त्या सगळ्या एकाच शक्तीवर चालत नाहीत, आणि हे मुद्दाम केलेले असते.

वेगमापक, उंचीमापक आणि चढ-उताराचा दर दाखवणारी तबकडी यांना वीज लागत नाही. त्या हवेच्या दाबावर चालतात. समोरून येणारी हवा पंखाखालच्या पिटो नळीत शिरते, तर स्थिर हवेचा दाब विमानाच्या अंगावरच्या छिद्रातून मिळतो. वेगमापक या दोन दाबांतला फरक मोजतो, बाकीच्या दोघांना स्थिर दाब पुरतो. मात्र पिटो नळीत बर्फ साचू नये म्हणून लावलेला हीटर विजेवरचा असतो.

विमानाचा कल दाखवणारे कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक यांत जायरो, म्हणजे वेगाने फिरणारी चाके, असतात. इंजिनावर चालणारा व्हॅक्यूम पंप हवा खेचतो, ती जायरोच्या खाचांवर आदळते आणि चाक मिनिटाला हजारो फेरे घेते. सहावा टर्न कोऑर्डिनेटर विजेवर चालतो. त्यामुळे पंप बंद पडला तरी वळण कळते आणि वीज गेली तरी क्षितिज दिसते.

वीज पुरवणारा अल्टरनेटर बंद पडला की कमी व्होल्टेजचा दिवा लागतो. वैमानिक त्याचा स्विच एकदा बंद-चालू करून पाहतो. जमले नाही तर अनावश्यक दिवे आणि रेडिओ बंद करून बॅटरी वाचवतो. इंजिन थांबत नाही, कारण ठिणगीसाठी मॅग्नेटोची स्वतंत्र व्यवस्था असते.

पंप बिघडला तर धोका जास्त. जायरो लगेच थांबत नाही, वेग मंदावलेल्या भोवऱ्यासारखा हळूहळू कलतो. क्षितिजही त्याच्याबरोबर कलते आणि पुष्कळ जुन्या उपकरणांवर बिघाडाची खूण उमटत नाही. सह्याद्रीवरच्या पावसाळी ढगात बाहेरचे काहीच दिसत नाही, कानातला तोल फसवा असतो. म्हणून व्हॅक्यूम गेजवर नजर ठेवायची आणि बिघडलेली तबकडी झाकून उरलेल्यांवर उडायचे, असे प्रशिक्षणात घोटून घेतात.

प्रवासी विमानात इंजिनांवरील जनरेटर ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्‌झची वीज देतात, तिच्यातून २८ व्होल्टचा एकदिश प्रवाह मिळतो. एक जनरेटर गेला तर दुसरा भार उचलतो, शेपटीतले सहायक इंजिनही मदतीला येते. सगळेच गेले तर बॅटरी आवश्यक उपकरणे चालवते आणि अनेक विमानांत पोटातून बाहेर येणारी पवनचक्की वीज किंवा हायड्रॉलिक दाब पुरवते. १९८३ मध्ये कॅनडात इंधन संपलेले बोइंग ७६७ याच आधारावर गिमलीला सुखरूप उतरले. राखीव क्षितिजाला जनरेटर गेल्यावरही किमान ३० मिनिटे वीज मिळावी, असा नियम आहे.

तरीही राखीव उपकरण वाचले गेले तरच उपयोगी. १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७४७ ‘एम्परर अशोक’ उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ जण दगावले. कॅप्टनसमोरचे क्षितिज उजवीकडे कललेले दाखवत अडकले होते, म्हणून विमान डावीकडे कलंडवले गेले. रात्रीच्या अंधारात समुद्रावर बाहेरचे क्षितिज दिसत नव्हते, आणि सहवैमानिकाचे व राखीव क्षितिज पडताळून वेळीच सावरता आले नाही. आजच्या मोठ्या विमानांत दोन्ही बाजूंच्या क्षितिजांत तफावत आली की संगणक इशारा देतो. कोणते खरे, हे वैमानिकाने तिसऱ्याशी ताडून ठरवायचे असते.