आत राहिलेली हवा

२०१९च्या मे महिन्यात गाडीच्या रेडिएटरची फुटकी नळी आम्ही दोघांनी स्वतःच बदलली, गळ्यापर्यंत पाणी ओतले आणि मराठीच्या प्राध्यापकांनाही हात असतात, असे सहकाऱ्यांना ऐकवून वाईहून पाचगणीला निघालो. पसरणी घाटाच्या निम्म्यावर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. इंजिनाची उष्णता बाहेर पडावी म्हणून हीटर लावला, तर त्यातून बाहेरच्यासारखाच वारा!

आमच्यापैकी एकाने रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मागचा ट्रकचालक ओरडला, "ओ सायेब, हात काढा! तोंड भाजंल!" बंद झाकणाखालचे पाणी दाबामुळे १०० अंशांच्या वरही उकळत नाही; झाकण सैल होताच तेच वाफेसह उसळून अंगावर येते. हे ज्ञान आम्हांला नंतर झाले. हात त्या हाकेने वाचला.

गाडी निवल्यावर पाणी घालून, थांबत थांबत वाईला उतरलो. मिस्त्रींनी एकच विचारले, "पाणी घातलंत, पन एअर कुठं काढली?"

हवा उंच जागी जाऊन बसते: हीटरच्या नळ्यांत, इंजिनाच्या माथ्यात. पंप पाणी ढकलतो. हवेत तो नुसताच फिरतो. हवा पाण्याच्या विसाव्या हिश्श्याइतकीही उष्णता वाहून नेत नाही. म्हणजे वरून तुडुंब दिसणाऱ्या इंजिनात नेमका तापलेला भाग कोरडा असतो.

मिस्त्रींनी थंड गाडीचे तोंड उंच केले, झाकण उघडले, हीटर पुरता गरमवर ठेवून इंजिन चालू केले आणि ते नुसते बसून राहिले. बुडबुडे येत, पातळी उतरे, ते तेवढेच पाणी घालीत. आमची चुळबुळ सुरू झाली होती. बऱ्याच वेळाने थर्मोस्टॅट उघडला, वरची नळी तापली. एक मोठा बुडबुडा फुटून पाणी एकदम खचले. हीटरमधून ऊन वारा आला, तेव्हा त्यांनी झाकण लावले.

एवढे थांबणे आम्ही वर्गात कधी थांबलो होतो? "काही शंका?" असे विचारून आम्ही लगेच पुढच्या मुद्द्याकडे वळत असू. त्या जूनपासून तासाची शेवटची पाच मिनिटे आम्ही गप्प बसू लागलो. ती शांतता आम्हांलाच सोसवत नसे. सहाव्या आठवड्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, संहिता म्हणजे नक्की काय?"

सहा आठवडे तो शब्द आम्ही फळ्यावर लिहीत होतो.