गजकर्ण लाजेत वाढते

आमच्या पूर्णा तालुक्यातली जमीन काळी. पाऊस लागला की चिखल पायाला सोडीत नाही. खुरपणी बायकांच्याच वाट्याची. सकाळी भिजलेले लुगडे दिवसभर अंगावरच वाळते. मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि कंबरेला, जांघेत गजकर्ण धरते.

माझ्या धाकट्या जाऊबाईंनी हे दुखणे दोन वर्षे लपवले. घरात लग्नाची लेक. लोक काय म्हणतील, ही धास्ती. दुकानातून आणलेले मलम लावले की चार दिवस खाज थांबे, पुढे चकंदळ दुपटीने पसरे. शेवटी लेकीच्याही मानेवर चट्टा उठला, तेव्हा मीच दोघींना त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेले.

रक्त बिघडले, उष्णता वाढली, असे आपण म्हणतो. पण गजकर्ण ही बुरशी आहे. भिंतीला ओलीने बुरशी येते, तशीच ही ओलसर, उबदार कातडीवर वाढते. कातडी, केस आणि नखे यांतले केराटीन हे तिचे खाद्य. घट्ट नाडीखाली, नायलॉनच्या कपड्यात घाम कोंडला की तिचे फावते. मधुमेह असला तर ती लवकर हटत नाही. एकाच टुवालाने सगळे घर अंग पुसते, एकाच गोधडीत लेकरे झोपतात. तिथून ती घरभर फिरते. वासराच्या डोळ्यांभोवती करडी खपली धरते, तेही गजकर्णच. त्याला कुरवाळणाऱ्या हातांनाही ते लागते.

दुकानातल्या त्या मलमात स्टिरॉइड होते. त्याने खाज दबते, बुरशी मरत नाही. उलट तिला मोकळे रान मिळते. अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. शिवाय अलीकडे काही बुरशी टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधालाही दाद देत नाही. म्हणून चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध चालू ठेवावे लागते, आणि घरात ज्यांना ज्यांना लागण झाली त्या सर्वांनी ते एकदमच घ्यावे लागते.

बायांनो, शेतातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवा. ज्याचा त्याचा टुवाल वेगळा ठेवा. आणि चट्टा दिसला तर पदराआड झाकू नका. चिखलात राबणाऱ्या अंगाला झालेल्या दुखण्याची लाज कसली?