पुळीच्या तारखा

सोमवार, 8 जुलै 2024
परवा जांघेतले केस वस्तऱ्याने काढले. पातं जुनंच, साबण अंगाचाच. आज आंघोळीत हाताला सहा पुळ्या लागल्या. जगनाडे चौकापर्यंत चालत गेलो तर जीन्स घासून चुरचुर. नंदनवनातल्या या खोलीत पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. घामोळं असेल म्हणून सोडून दिलं.

मंगळवार, 9 जुलै
रूममेट झोपल्यावर बाथरूममध्ये मोबाइलच्या टॉर्चने पाहिलं. पुळ्या तशाच. पण लिंगावरची कातडी ताणली तर रव्यासारखे पिवळट दाणे, वीसेक तरी. हे कधी आले? मार्चमधली पुण्याची ती रात्र आठवली आणि डोक्यात एकच शब्द बसला: हर्पिस. फोटो पाहता पाहता तीन वाजले. प्रत्येक फोटो आपलाच वाटतो. शेवटी ठरवलं, फोटो बंद, रोज दिसेल तेवढंच इथे लिहायचं.

गुरुवार, 11 जुलै
रूममेटला अर्धंच सांगितलं. म्हणाला, "हर्पिस म्हंजे नागीणच ना बे? तोंड-शेपूट भेटली का माणूस जाते म्हणते." काकांना नागीण झाली होती: कमरेच्या एकाच बाजूला पट्टा, सदरा टेकवत नव्हते. काका ठणठणीत आहेत. नागीण कांजिण्यांच्या विषाणूने उठते. हर्पिसचा विषाणू त्याच घराण्यातला, पण वेगळा.
कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने न पाहताच ट्यूब दिली. वेष्टनावर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, म्हणजे स्टिरॉइड. उघडली नाही. रूममेटच्या फळीवर तसलीच एक ट्यूब दिसली, अर्धी पिळलेली.

शनिवार, 13 जुलै
दोन पुळ्यांच्या टोकाला पू, मधोमध एकेक केस. तीन बसत आल्या. ताप नाही, लघवीला आग नाही. रव्याचे दाणे जसेच्या तसे.

सोमवार, 15 जुलै
सुट्टी टाकून मेडिकल कॉलेजचा दवाखाना गाठला. केसपेपरची रांग, मग त्वचा व गुप्तरोग विभागाची. डॉक्टर बाई निघाल्या, कानशिलं तापली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कधीपासून?" मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली, मग तपासलं.
"हर्पिस असा आठवडाभर एका रूपात राहत नाही. आधी मुंग्या येतात, आग होते. मग लालसर जागेवर पाणी भरलेल्या बारीक फोडांचा झुपका. ते फुटून दुखणाऱ्या उथळ जखमा होतात, नंतर खपली. पहिल्या खेपेला ताप येऊ शकतो, जांघेत गाठी येऊ शकतात, भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात. तुमच्या पुळीत पाणी नाही. पू आहे, केस आहे. वस्तऱ्याने केसांची मुळं सुजलीत."
"आणि ते दाणे?"
"तेलग्रंथी. फोर्डाइस स्पॉट्स म्हणतात. वयात आल्यापासूनच असतील, तुम्ही आत्ता पाहिले. ना रोग, ना लागण. टोकरू नका."
रक्ततपासणीचं विचारलं. फोड नसताना हर्पिसच्या अँटिबॉडीच्या चाचणीवर विसंबता येत नाही, म्हणाल्या. कित्येकांच्या अंगात विषाणू असतो आणि लक्षण एकही नसतं. "कधी फोड आलाच तर ताजा असतानाच या. त्यातल्या पाण्याचा नमुना घेता येतो." विषाणू शरीरातून जात नाही, पण असायक्लोव्हिरने त्याचा जोर ओसरतो, सरकारी दवाखान्यात त्या गोळ्यांचं पाकीट लाल रंगाचं असतं. मला ते लागलं नाही. मार्चचं मात्र मी आपणहून सांगितलं, तेव्हा त्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी लिहून दिली. आवाज तोच, पुळीबद्दल बोलतानाचा.

बुधवार, 17 जुलै
आषाढी. उपवासाची खिचडी खाऊन आरशापुढे वरचा ओठ ताणला. तेच रव्याचे दाणे, इतकी वर्षं सगळ्यांसमोर उघडे.

गुरुवार, 18 जुलै
दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह. पुळ्यांच्या जागी तपकिरी ठिपके उरलेत. वस्तरा फेकला.
रात्री रूममेटला सगळं सांगितलं, पुण्यासकट. त्याने चेष्टा केली नाही. दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने अंधारातून विचारलं, "कोनत्या खोलीत बसते बे ते डॉक्टर?"
केसपेपरची खिडकी कुठे ते सांगितलं. आणि म्हटलं, ट्यूब सोबत ने.