शेऱ्याचा रकाना

जुन्नर-आंबेगावच्या जुन्या कोतवाल बुकांत, म्हणजे जन्ममृत्यूच्या गाव नमुना १४ मध्ये, माणसे बहुधा चाळीस, पन्नास नाहीतर साठ वर्षांचीच होऊन मरतात. त्रेपन्न वर्षांचा मयत विरळा. कोतवालाने अंदाजाने सांगायचे, लिहिणाऱ्याने मोडीत उतरवायचे. जनगणनेच्या जुन्या तक्त्यांतही शून्यावर आणि पाचावर संपणाऱ्या वयांची अशीच गर्दी असते. जन्मतारीख कुणाच्या लक्षात नसायची, हे त्या गोल आकड्यांतून कळते. मोडीचे लिप्यंतर करताना ते आकडे मी जसेच्या तसे ठेवतो.

त्रास देतात गावांची नावे. पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे जन्माची नोंद आजोळच्या वहीत आणि बापाच्या गावापुढे नुसते 'पारगाव'. आता पारगाव तर्फे आळे जुन्नरात. पारगाव तर्फे खेड आणि पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आंबेगावात. लिप्यंतर करणाऱ्याने आपल्या मनाने तर्फ जोडली, की अख्खे घराणे दुसऱ्या तालुक्यात नांदायला जाते! अवसरीचे तर 'बु' की 'खु' एवढ्यावरच अडते, आणि नेमकी तिथेच शाई फुटलेली. मी 'पारगाव' एवढेच लिहितो. शेजारच्या नोंदींतून, आडनावावरून काही अंदाज आलाच, तर तो शेऱ्याच्या रकान्यात.

'कित्ता', म्हणजे 'वरीलप्रमाणे', त्याहून फसवा. वरच्या ओळीतली जात खाली, तिथून आणखी खाली. मध्ये एखादी ओळ सुटली किंवा पान निसटले, तर पुढच्या साऱ्यांची जात बदलते. म्हणून नक्कल करताना मी 'कित्ता'च लिहितो, तो कोणत्या ओळीचा हे शेऱ्यात.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, त्यामुळे या वह्यांतल्या एकेका अक्षरावर घरे टांगलेली. जातीच्या रकान्यात नुसते 'कु' असले, की समोरचा हळूच म्हणतो, "दादा, पुढचं 'णबी' तेवढं टाका ना. सगळ्या गावाला ठावं हाय." असेलही. पण 'कु' कुंभाराचाही असतो. मी त्याला पानाची छायाप्रत देतो, त्याच वहीत त्याच्या भावकीची पूर्ण लिहिलेली नोंद सापडली तर तिचा पान क्रमांक देतो, आणि नकलेत 'कु'च ठेवतो. निर्णय दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याने घ्यायचा. माणूस रागावून जातो. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी चुलत्याच्या पणजोबांचे नाव घेऊन परत येतो.