सांधा

आमच्या अमरावतीला रेल्वेनं सुरुवातीपासूनच जरा बाजूला ठेवलं. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोचला, तो बडनेऱ्यावरून. अमरावतीला मागाहून एक फाटा मिळाला, लेकरानं फारच रडारड केली की चॉकलेट मिळतं तसा. त्यामुळे बऱ्याच गाड्यांसाठी आम्ही आजही आधी बडनेऱ्याला जातो आणि मग प्रवासाला लागतो.

त्या दिवशी मी अकोल्याला निघालो होतो तो थोरल्या भावाशी भांडायला. वडिलांच्या जुन्या घराची वाटणी झाली, पण मधला चार फुटांचा बोळ कुणाचा, यावरून आठ महिने आमचं बोलणं बंद होतं. घराचा नकाशा बगलेत आणि भाषण तोंडपाठ. बडनेरा ते अकोला 80 किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यात दोन उजळण्या सहज झाल्या असत्या. सकाळी हिनं आग्रहानं गाडीची वेळ विचारून घेतली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका लहानशा स्टेशनाबाहेर गाडी थांबली. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. समोरचे पागोटेवाले आजोबा खाली उतरून बातमी घेऊन आले.

"सांधा आखडला म्हन्ते, बाप्पा!"

मी नकळत स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवला.

गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते ती जागा म्हणजे सांधा. मोटर फिरली की निमुळता रूळ सरकून शेजारच्या रुळाला घट्ट चिकटतो आणि तिथं कुलूप पडतं. मग सिग्नल मिळतो. दोघांच्या मधे 5 मिलिमीटरचा अडथळा राहिला, तरी कुलूप पडता कामा नये, असा कायदा आहे. गिट्टीचा एक खडा पुरतो. शेकडो टनांची गाडी, हजारभर माणसं, सगळी खोळंबतात ती तेवढ्या फटीसाठी.

"एवढ्याशा फटीपायी?" मी चिडून म्हणालो.

"मंग?" आजोबा म्हणाले, "फट तशीच ठेवून गाडी नेली, त लोकं कोनाले सापडतीन?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार फुटांचे मिलिमीटर किती होतात, याचा हिशेब मात्र मनात उगाच सुरू झाला. बाराशेच्या वर गेला, तेव्हा मी तो सोडून दिला.

तास गेला, दोन तास गेले. डब्यात ओळखी झाल्या, शेंगदाणे फिरले. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणाऱ्या आमच्या शकुंतलेचा विषय निघाला. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती. आता ती बंद आहे, म्हणून सगळे तिच्याबद्दल प्रेमानं बोलत होते. चालू होती तेव्हा तिलाही आम्ही शिव्याच दिल्या. भाषणातला पहिला मुद्दा मी याच सुमारास विसरलो.

शेवटी माणसांनी हातानं हँडल फिरवून सांधा बसवला, वरून क्लॅम्प लावला, कुलूप ठोकलं. ड्रायव्हरला लेखी परवाना मिळाला आणि गाडी ताशी 15 किलोमीटरच्या वेगानं, गर्भार बाईनं पायरी उतरावी तशी, त्या जागेवरून गेली.

अकोल्याला उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाकावर दादा बसलेला. हिनं परस्पर फोन केला होता.

"बारा वाजतापासून बसून हावो," तो म्हणाला. "इचारलं का म्हन्ते अर्धा घंटा. तुले भूक लागली असन म्हनून वहिनीनं डबा देल्ला."

आठ महिन्यांतलं त्याचं हे पहिलं वाक्य. माझं भाषण तोंडपाठ होतं खरं, पण तोंडात भाकरी गेल्यावर ते कुठून निघणार?

डब्यात वांग्याचं भरीत होतं. खाली अंथरायला दोघांकडेही पेपर नव्हता. मग मी बगलेतला नकाशा काढून बाकावर पसरला. भरिताचं तेल नेमकं बोळावर सांडलं.

त्या बोळाचा निकाल अजून लागलेला नाही. पण आमचं बोलणं सुरू आहे, ताशी 15 किलोमीटरच्या वेगानं.