दहा सेकंदांचं लग्न

एका लग्नाचा हिशेब मांडून बघू. आदल्या संध्याकाळची हळद, दुसऱ्या दिवशीचा मुहूर्त आणि रात्रीची वरात मिळून गावातला तरुण फोटोग्राफर सहज दोन हजार फोटो काढतो. दर फोटोला शटर सरासरी १/२०० सेकंद उघडलं असं धरलं, तर सगळ्यांची बेरीज होते दहा सेकंद. दोन दिवस, दोन घरची माणसं, बँड, पंगती, रुसवेफुगवे. त्यातलं कॅमेऱ्याने पाहिलं ते एवढंच. उरलेला सगळा वेळ फोटोग्राफर धावत असतो, वाट बघत असतो, बॅटऱ्या मोजत असतो आणि कोणाच्या तरी आत्याबाईंना जरा बाजूला व्हायला सांगत असतो. त्याचे खरे आनंद आणि खऱ्या फजित्या या उरलेल्या वेळातच घडतात.

मांडवात त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. ‘ओ फोटोवाले’, ‘अहो कॅमेरा, इकडे बघा’ आणि फार माया आली तर ‘दादा’. वधूकडचे सगळे त्याचे मालक, वराकडचे त्याहून मोठे. एका वर्गाशी मात्र त्याचं हळूहळू जमलं आहे, तो म्हणजे गुरुजी. पूर्वी गुरुजींना पुढच्या मुहूर्ताची घाई आणि याला ‘गुरुजी, एकदा परत’ म्हणायची सवय, त्यामुळे दोघांचं वाकडं. आता मंगळसूत्र बांधताना गुरुजी आपणहून नवऱ्याचा हात थांबवतात आणि मान वळवून विचारतात, “आला का?” आला म्हटल्यावरच पुढचा मंत्र.

अंतरपाटापाशी मात्र गुरुजींचाही इलाज चालत नाही. मंगलाष्टकं सुरू होण्याआधीच तो प्लास्टिकच्या खुर्चीवर जागा धरून उभा असतो. अंतरपाट खाली येतो, नवरानवरी पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात, आणि नेमके त्याच वेळी मुलीचे धाकटे काका मोबाइल उंचावून मधे येतात. फोटोत काकांचा हात, काकांचं घड्याळ आणि काकांच्या मोबाइलच्या पडद्यावर बोटभर नवरानवरी. वर अक्षतांचा मारा. लेन्सच्या हूडमध्ये तांदूळ अडकतात, बॅगेच्या कप्प्यांत शिरतात. पुढच्या लग्नात बॅग उघडली की मागच्या लग्नाच्या अक्षता बाहेर पडतात. दोन अनोळखी घरं अशी त्याच्या बॅगेत एकमेकांना भेटतात.

कॅमेऱ्यापुढे माणसांनी यावं म्हणून आता कोणाला आग्रह करावा लागत नाही. सवाशे वर्षांपूर्वी परिस्थिती उलटी होती. सिनेमाकडे वळण्याआधी धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे पुढचे दादासाहेब, यांनी फोटोग्राफीचा धंदा करून पाहिला होता. गोध्र्यात स्टुडिओ काढला, नंतर बडोद्यातही प्रयत्न केला. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी समजूत लोकांत पसरली आणि गिऱ्हाईक फिरकेना. आजच्या तरुणाला फाळक्यांची ही अडचण नाही. त्याच्यापुढे करवल्यांचा घोळका दर पाच मिनिटांनी नव्या पोझमध्ये तयार असतो, आणि आजी तेवढ्या ‘माझा कशाला रे’ म्हणत पदर नीट करून बसतात.

फजित्यांचं मूळ पुष्कळदा उजेडात असतं. मांडवाचं कापड लाल-पिवळं असलं की दुपारच्या उन्हात सगळं वऱ्हाड केशरी दिसतं. वर निळी ताडपत्री असली की तेच वऱ्हाड आजारी. संध्याकाळी एलईडीच्या माळा लागतात. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. वेगवान शटरला कळतं, आणि नवरीच्या शालूवर काळे आडवे पट्टे उमटतात. शटर १/१०० वर आणलं की बहुतेक वेळा पट्टे जातात, पण वरातीत नाचणारे मित्र पुसट होतात. दोन्ही एकाच फोटोत साधायचं तर फ्लॅश हवा, आणि फ्लॅशचे सेल दुपारीच संपलेले असतात.

मे महिन्यातलं वातानुकूलित कार्यालय हा आणखी वेगळा सापळा. चार तास थंड हवेत राहिलेला कॅमेरा घेऊन तो वरातीसाठी बाहेर पडतो. बाहेरच्या दमट हवेतलं बाष्प गार काचेवर लगेच धरतं. घोडा आला, बँड सुरू झाला, नवरदेव चढला, आणि लेन्समधून दिसतंय ते दाट धुकं. पुसलं की पुन्हा येतं, कारण काच अजून गार आहे. अनुभवी माणूस कॅमेरा बॅगेत बंद करून दहा-पंधरा मिनिटं आधीच बाहेर आणून ठेवतो. नवशिक्या माणसाला ही युक्ती पहिल्या वरातीत कळते.

हुकलेल्या क्षणांच्या बाबतीत त्याचं घराणं फार मोठं आहे. होमाई व्यारावाला १९१३ मध्ये नवसारीला जन्मल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची नोंद आहे. विद्यार्थिदशेत त्यांनी काढलेले सहलीचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आले आणि दर फोटोला एक रुपया मिळाला. सुरुवातीची त्यांची बरीच छायाचित्रं पती माणेकशॉ यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. हातात रोलीफ्लेक्स, एका रोलमध्ये बारा फोटो. पुढे दिल्लीत साडी नेसून, कॅमेऱ्याचं ओझं घेऊन त्या सायकलवरून कामाला जात. ३० जानेवारी १९४८ ला त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्याच होत्या. उद्या दोघं मिळून जाऊ, असं म्हणून पतीने परत बोलावलं. त्या दिवशी प्रार्थनासभेत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती हळहळ त्यांनी म्हातारपणीही बोलून दाखवली. त्यांनी काढलेल्या फोटोंबद्दल २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

फसलेल्या फोटोचंही एक जुनं उदाहरण आहे. झाक आंरी लार्तिग या फ्रेंच पोराला वडिलांनी लहानपणीच कॅमेरा दिला होता. घरातली माणसं उड्या मारताना, भाऊ घरी बनवलेलं विमान उडवू बघताना, असल्या गोष्टींचे फोटो तो काढत असे. १९१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, अठरा-एकोणीस वर्षांचा असताना, त्याने एका मोटार शर्यतीत धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवून फोटो घेतला. गाडी अर्धी चौकटीबाहेर गेली. त्या काळच्या शटरची फट काचेवरून सरकायला वेळ घेई. तेवढ्यात गाडी पुढे गेल्याने चाक लांबट होऊन पुढे झुकलं आणि मागचे प्रेक्षक उलट्या बाजूला कलंडले. त्याला तो बिघडलेला वाटला आणि फोटो पडून राहिला. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने लार्तिगचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. वेगाचं चित्र म्हणून आज तोच फोटो पुस्तकांतून छापतात.

आपला तरुण ही गोष्ट वाचतो आणि तरीही परतीच्या एसटीत बसल्या बसल्या फसलेले फोटो खोडायला घेतो. गाडी खड्ड्यात आदळते, अंगठा चुकतो आणि सगळं कार्ड रिकामं होतं. पोटात गोळा येतो. पण कार्डावरचा फोटो खोडला म्हणजे तो लगेच नाहीसा होत नाही, फक्त त्याचा पत्ता यादीतून जातो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आतला मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो. म्हणून अशा वेळी एकही नवा फोटो काढायचा नाही, कार्ड बाहेर काढून ठेवायचं. रात्री संगणकावर फोटो परत मिळवणारा प्रोग्रॅम लावून तो बसतो. पहिली फाइल उघडते, आणि पडद्यावर येतात अंतरपाटापुढचे काका. तो त्यांना बघून इतका हरखतो की काकांनी पाहिलं असतं तर त्यांनाही नवल वाटलं असतं.

पावसाळ्यात लग्नं थांबतात आणि घरात बुरशीचं भय सुरू होतं. दमट अंधाऱ्या कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशीचे पांढरे धागे पसरतात आणि काचेवरचा लेप खातात. कोकणात तर या भीतीने अर्धा जीव जातो. महागडी ड्राय कॅबिनेट परवडेपर्यंत घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हाच आधार. सगळ्या घरात डाळ-तांदळाच्या डब्यांना हात लावायची सर्वांना मुभा असते, या एका डब्याला नाही. त्यात बिस्किटं असावीत असा पाहुण्यांच्या मुलांचा समज असतो.

या दिवसांत स्टुडिओ चालतो तो ओळखपत्राच्या फोटोंवर. त्यातलं सर्वांत अवघड गिऱ्हाईक तान्हं. मोठ्यांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात. चार वर्षांच्या आतल्या मुलाचा मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा छापील फोटो घरून न्यावा लागतो. दुबईला निघालेलं तीन महिन्यांचं बाळ मान धरत नाही. मग पांढरी चादर पसरून त्याला उताणं झोपवायचं आणि वर स्टुलावर उभं राहून नेम धरायचा, किंवा आईला पांढऱ्या चादरीखाली लपवून तिच्या मांडीवर त्याला टेकवायचं. आजोबा खुळखुळा वाजवतात, बाळ आजोबांकडे बघतं. डोळे उघडे, तोंड मिटलेलं आणि चेहरा समोर, या तिन्ही गोष्टी एकदम जुळायला अर्धा तास लागतो. जुळल्या की चादरीखालून आईच आधी विचारते, “झालं?”

आषाढीच्या आधी तो दिवे घाट गाठतो. पुण्याहून सासवडला जाताना माउलींची पालखी हा घाट चढते आणि वळणावळणाचा रस्ता माणसांनी भरून जातो. समोरच्या उतारावर शेकडो कॅमेरे आधीपासून रोवलेले असतात. पाऊस येतो, लेन्सवर थेंब बसतात, पुसायचं फडकं भिजून गेलेलं असतं. अशा वेळी शेजारून चाललेला कोणी वारकरी स्वतःच्या डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद अर्धा फाडून त्याला देतो. “माउली, झाका तेवढं,” म्हणतो आणि चालू लागतो. त्या माणसाचा फोटो काढायचा राहून जातो, कारण कॅमेरा कागदाखाली असतो.

हिवाळ्यात भिगवण. उजनी धरणाच्या फुगवट्यात रोहित पक्षी उतरतात. पहाटे मच्छीमारांच्या होडीतून जावं लागतं. नावाड्याला पक्ष्यांची नावं तोंडपाठ असतात आणि कुठल्या फोटोग्राफरची लेन्स किती लांब हेही. भाड्याने आणलेली मोठी लेन्स मांडीवर घेऊन तो तासभर थिजून बसतो. पाण्यात उभा थवा पांढराफट दिसतो. गुलाबी आणि काळा रंग असतो तो मुख्यतः पंखांच्या आत, उडाल्यावर दिसणारा. तो बॅटरी बदलायला मान खाली घालतो आणि सगळा थवा उठतो. बॅटरी हातात तशीच राहते. नावाडी म्हणतो, “आता बघून घ्या.” तो बघतो. लेन्स मधे नसल्यामुळे थवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळाच्या सगळा दिसतो.

परत आल्यावर संगणक चालू केला की वैशाखातली लग्नं तशीच पडलेली असतात. अल्बमसाठी शे-दीडशे फोटो निवडून द्या, असं त्याने घरच्यांना सांगितलेलं असतं. निवड नवरीने करायची की सासूबाईंनी, यावर सहा महिने जातात. तोवर उरलेले पैसे अडकतात. कधी कधी अल्बम छापून येतो तेव्हा बारसंही ठरलेलं असतं, आणि त्याचंही काम त्यालाच मिळतं. तेवढाच फायदा.

तेव्हा तुमच्या घरी लग्न असेल तर तीन गोष्टी जमल्या तर करा. अंतरपाट खाली येताना मोबाइल खिशात ठेवा. अल्बमचे फोटो महिन्याभरात निवडून द्या. आणि त्याला मधल्या पंगतीत जेवायला बसवा, कारण तो स्वतःहून येतो तेव्हा जिलेबी संपलेली असते आणि वाढपी ताटं गोळा करत असतात.