विश्रामबागेपासून मंडईपर्यंत

गेल्या दिवाळीत आमचे नागपूरचे चुलत बंधू सहकुटुंब पुण्यास आले होते. भाऊबीज आटोपल्यावर मंडळींस एक दिवस मोकळा मिळाला. शनिवारवाडा व पर्वती ही स्थळे त्यांची पूर्वीच पाहून झालेली. तेव्हा या खेपेस शहरातल्याच, परंतु पाहुण्यांच्या यादीत क्वचित येणाऱ्या जागा पायी हिंडून दाखवाव्या असे आम्ही ठरविले. शनिवारवाड्याची देखरेख मध्यवर्ती सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. आमचा बेत मात्र असा की, ज्यांच्या जतनाचा भार आपण निवडून दिलेल्या, आपल्याच कराच्या पैशांवर चालणाऱ्या नगरसंस्थेवर पडला आहे, अशाच वास्तू पाहावयाच्या.

शनिपारावरून थोरल्या बाजीरावाच्या रस्त्याने पुढे गेले म्हणजे विश्रामबागवाडा लागतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी सुमारे दोन लाख रुपये खर्चून बांधलेला हा वाडा इ. स. १८०७ च्या सुमारास पुरा झाला. सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब व दर्शनी भागाची लाकडी नक्षी पाहता आमच्या वहिनी रस्त्याच्या कडेलाच खिळून उभ्या राहिल्या. मागे दुचाकी गाड्यांचा कर्कश गजर चालला होता, तिकडे त्यांचे लक्षही नव्हते.

पेशव्यांस या विश्रामस्थानाचा लाभ अवघी दहा-अकरा वर्षे झाला. १८१८ साली राज्य बुडाले. वाडा मात्र बुडाला नाही, कारण त्यास लगेच दुसरे काम मिळाले. १८२१ साली कमिशनर चॅप्लिन यांच्या कारकीर्दीत येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि जेथे दरबारी मंडळींची ऊठबस होती तेथे शास्त्राध्ययन चालू लागले. १३ मे १८७९ च्या रात्री पुण्यात मोठी आग लागली. बुधवारवाडा जळून खाक झाला व विश्रामबागेच्या पूर्वेकडील भागासही झळ पोचली. तो भाग पुढे लोकवर्गणी व नगरपालिकेचे साह्य यांवर पुन्हा उभा राहिला. १९३० पासून १९५९ पर्यंत खुद्द नगरपालिकेची कचेरीच या वाड्यात होती. १५ फेब्रुवारी १९५० रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली तीही येथेच कारभार करीत असता. अलीकडच्या काळात महानगरपालिकेने वाड्याची दुरुस्ती केली व शहराच्या इतिहासाचे प्रदर्शनही येथे मांडले.

हा वृत्तांत ऐकून आमचे बंधू म्हणाले, “म्हणजे वाडा वाचला तो कुलूप घालून ठेवल्याने नव्हे, वापरात राहिल्याने.” ते खरेच आहे, तरी तेवढ्याने भागत नाही. जळलेला भाग उभारावयास लोकांनी पदरचे पैसे घातले, म्हणजे वाडा आपला आहे असे त्यांस वाटत होते. ज्याने पैसे दिले तो हिशेबही विचारतो. आणि विचारणारा असला की करणारा जागा राहतो.

येथेच या विषयातील मुख्य अडचण आहे. एकत्र कुटुंबात घराचा कर्ता आणि हिशेबनीस एकच मनुष्य असला तर काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. वारसावास्तूंच्या बाबतीत नगरसंस्थेची गत तशीच आहे. वारसास्थळांची यादी तिच्याच दप्तरी. पहिली, दुसरी, तिसरी अशी तिची प्रतवारी. पहिल्या प्रतीच्या वास्तूस सहसा हात लावावयाचा नाही, तिसऱ्या प्रतीस बरीच मोकळीक. मालकाचे नुकसान भरून यावे म्हणून त्यास अन्यत्र वापरता येण्याजोगा बांधकामाचा हक्क देण्याची तरतूदही नियमांत आहे. परंतु पावसाळा जवळ आला की मोडकळीस आलेल्या वाड्यांवर ‘धोकादायक’ म्हणून नोटिसा लावणारी संस्थाही तीच, आणि त्याच जागी उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीच्या नकाशास मंजुरी देणारीही तीच. एका हाताने राखावयाचे, दुसऱ्या हाताने पाडावयाचे! दोन्ही कामे कायदेशीर व बहुधा आवश्यकही आहेत. पण या दोन हातांचा मेळ कोण पाहणार?

या प्रश्नाचे प्रत्यक्ष उदाहरण बुधवार पेठेत दिसले. दगडूशेठ हलवाई गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही समोरच्या, भिडेवाड्याच्या जागेकडे वळलो. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती येथे. आमच्या घरांतील लेकीसुना आज वकील, डॉक्टर, प्राध्यापक आहेत, त्या वाटेचा हा उगम म्हणावयास हरकत नाही. वाडा जीर्ण होत गेला, खाली दुकाने थाटली गेली, स्मारक व्हावे या मागणीबरोबर जागेचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला. अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत महानगरपालिकेने उरलेली वास्तू पाडून जागा स्मारकासाठी मोकळी केली. त्या अवस्थेत दुसरे काय करता आले असते, असे म्हणता येईल. तरी जेथे मुलींनी प्रथम पाटीवर अक्षर गिरविले ती भिंत गेली ती गेलीच. ती भिंत शाबूत असताना, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी, कोणी नेटाने प्रश्न विचारला असता तर? आम्हां सर्वांच्याच मनात तो विचार आला, व काही वेळ कोणी बोलले नाही.

पुढे शिवाजी रस्त्याने मंडईकडे गेलो. पूर्वी पुण्याची मंडई शनिवारवाड्यापुढील मोकळ्या मैदानात भरत असे. नगरपालिकेने नवी इमारत बांधली व १८८६ साली तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावे ती खुली झाली. मधोमध अष्टकोनी मनोरा, भोवती पसरलेल्या शाखा, आत उंच छपराखाली भाजीचे गाळे. सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी ही इमारत अद्याप त्याच कामी येत आहे. भूमिगत रेल्वेचे मंडई स्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये जवळच सुरू झाले, तरी वांग्याचा भाव करणाऱ्या गृहिणीचा स्वर काही बदललेला दिसला नाही.

या इमारतीच्या जन्मकथेत एक मौज आहे. १८७६ पासून काही वर्षे जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. मंडईवर एवढा पैसा घालण्यास त्यांचा विरोध होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लागावा असे त्यांचे म्हणणे. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा नेमलेल्या बत्तीस सभासदांपैकी विरोध करणारे ते एकटेच निघाले. आणि दैवाची गंमत पाहा! ज्या मंडईस त्यांनी विरोध केला तिलाच पुढे, आचार्य अत्रे नगरपालिकेत असता, त्यांचे नाव मिळाले. मंडई झाली हे बरेच झाले. परंतु ती होत असताना हा खर्च कोणासाठी, असे विचारणारा एक तरी सभासद होता, हेही तितकेच बरे झाले. नगरसंस्थेवरची खरी देखरेख ती हीच. मार्च २०२२ मध्ये निवडलेल्या सभासदांची मुदत संपल्यावर पुढे कित्येक वर्षे पुण्याचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. प्रशासक कितीही दक्ष असो, भरसभेत उभा राहून हिशेब मागणारा त्या काळात कोणी नव्हता. भिडेवाड्याचा अखेरचा निर्णय अमलात आला तोही याच काळात.

मंडईतून तुळशीबागेत शिरताना बंधूंच्या धाकट्या नातीने विचारले, “आजोबा, आपला वाडा कुठं आहे?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आमचा वाडा सदाशिव पेठेत होता. दोन चौक, मागे विहीर, माडीवर देवघर. भाडेकरू तेरा, भाडे इतके जुने की त्यात वर्षाकाठी कौले शाकारून होईनात. वारसदार नऊ, त्यांतले सहा परगावी. नोटीस आली तेव्हा आम्हांस वाईट वाटले, आणि खरे सांगावयाचे तर थोडे सुटल्यासारखेही वाटले. वाडा यादीत यावा म्हणून आम्ही एक अर्जही केला नाही. नकाशे काढून घेतले नाहीत. पाडण्यापूर्वी धड छायाचित्रेही घेतली नाहीत. आता तेथे सहा मजली इमारत आहे. तिच्या पाटीवर ‘वाडा’ हा शब्द आहे, आणि आमच्या दिवाणखान्यात जुन्या खांबाचे एक तुळवट आहे. नातीस आम्ही तीच पाटी दाखविली. ती म्हणाली, “ही तर बिल्डिंग आहे.”

नगरसंस्थेने अमुक पाडले, तमुक बुजविले, अशी तक्रार आम्ही नेहमी करतो. त्या दिवशी आमचा स्वर थोडा खाली आला. ज्यांनी आपल्या घरचा हिशेब ठेवला नाही त्यांनी गावाचा हिशेब कोणत्या तोंडाने मागावा? तरीही मागितलाच पाहिजे, किंबहुना म्हणूनच मागितला पाहिजे. कामे काही फार अवघड नाहीत. वारसायादी वा विकास आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती व सूचना मागविल्या जातात, तेव्हा मुदतीत एक लेखी कागद द्यावा. दरसालच्या अंदाजपत्रकात जुन्या वास्तूंसाठी किती रक्कम धरली व प्रत्यक्ष किती खर्चिली, हे आपल्या प्रभागाच्या सभासदास विचारावे. घरात जुने खरेदीखत, नकाशा, छायाचित्र असेल तर त्याच्या दोन प्रती करून एक ग्रंथालयात द्यावी. आणि वाडा पाडणे अटळच असेल तर पाडण्याच्या आधी त्याचे मोजमाप करून ठेवावे.

संध्याकाळी घरी आल्यावर बंधूंनी पेटीतून आणलेला एक कागद पुढे ठेवला. त्यांच्या वडिलांनी हाताने काढलेला आमच्या वाड्याचा तो नकाशा होता. विहीर, तुळशीवृंदावन, जिन्याखालची अडगळ, सारे जागच्या जागी. दुसरे दिवशी आम्ही त्याच्या तीन प्रती काढल्या. एक नातीने नागपुरास नेली.